गावच्या जुन्या चर्चची नोंद कशी करावी

सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या गावच्या जुन्या चर्चचा इतिहास लिहायला घेतला, की मंडळीची (म्हणजे तिथल्या ख्रिस्ती उपासकांच्या समुदायाची) स्थापना, भिंतींचे बांधकाम आणि आजचे छप्पर या तिन्हींचा काळ प्रथमपासूनच वेगळा धरावा. अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकी प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या संस्थेचे काम १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला सुरू झाले व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सोलापूरकडे पसरले. अनेक गावांत मिशनची शाळा आधी निघे व रविवारी त्याच खोलीत उपासना भरे. त्यामुळे मंडळी इमारतीहून बरीच जुनी असू शकते.

पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि मंडळीच्या पंचांची परवानगी घेऊन आरंभ कोनशिलेपासून करावा. तिच्यावरचा मजकूर शब्दशः उतरवावा, कारण पायाभरणी, अर्पणविधी आणि जीर्णोद्धार यांपैकी नेमके कशाचे साल कोरले आहे, यावर पुढचे सारे अनुमान अवलंबून असते. झिजलेली अक्षरे सकाळच्या तिरप्या उन्हात अधिक स्पष्ट दिसतात. त्यांवर खडू किंवा तेल मुळीच लावू नये.

नंतर भिंती पाहाव्यात, आणि यासाठी भरपूर वेळ ठेवावा. आपल्याकडचा दगड काळा पाषाण. कोपऱ्यांना आणि कमानींना घडीव चिरे, मधे ओबडधोबड दगड आणि सांध्यांत चुना, अशी रचना बहुधा आढळते. मुख्य दालन आणि देवडी (प्रवेशाची ओसरी) जिथे भिडतात तिथे दगडांचे थर एकमेकांत गुंतलेले नसून वरपासून खालपर्यंत सरळ उभी सांध असेल, तर देवडी मागाहून जोडली असे समजावे. छपराच्या कैच्यांखाली (उतरते छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांखाली) तुळया बसवण्याच्या बुजवलेल्या खाचा दिसल्या, तर इमारतीवर पूर्वी माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, असण्याचा संभव आहे. मंगलोरी कौलांच्या खालच्या बाजूस कारखान्याचा शिक्का असतो. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला, म्हणून त्याचे कौल त्याआधीचे असू शकत नाही. मात्र कौले बदलली जातात, तेव्हा त्यांवरून भिंतींचे वय ठरवू नये.

या मिशनच्या परंपरेत वचनाच्या उपदेशाला मोठे स्थान होते. साधे आयताकृती दालन, समोर मध्यभागी व्यासपीठ आणि त्याच्यापुढे प्रभुभोजनाचा मेज ही मांडणी त्यातूनच आली. १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यानंतर या मांडणीत काही फेरबदल झाले का, हे वृद्ध सभासदांना अवश्य विचारावे.

कागदपत्रांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या सर्वांत मोलाच्या. १८४२ पासून निघालेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचे जुने अंक आणि १८८४ चा सोलापूर जिल्ह्याचा गॅझेटियरही चाळावा. ‘चर्च दुष्काळात बांधले’ असे सांगितले गेल्यास ते जसेच्या तसे टिपून १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन्ही दुष्काळांच्या काळातील नोंदी तपासाव्यात.

मोजमाप घेताना दालनाचे दोन्ही कर्णही मोजावेत, नाहीतर भिंती काटकोनात नसल्याचे नकाशात उतरत नाही. चुन्याच्या सांध्यांवर कुठे सिमेंट थापले आहे तेही नकाशावर दाखवावे. त्यामागे ओल अडकते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात, म्हणून पुढील दुरुस्ती चुन्यातच करण्याची विनंती पंचांना नकाशासोबत लेखी द्यावी.