पहिलं गृहकर्ज: अर्जाआधीचे सहा महिने

नोकरी बदलायची असेल तर अर्जाच्या बऱ्याच आधी बदला, नाहीतर कर्जाची रक्कम हातात पडल्यावर. मंजुरी मिळाली म्हणून निर्धास्त होऊन राजीनामा देणं सगळ्यात महागात पडतं. पैसे देण्याआधी बँक पुन्हा चौकशी करू शकते आणि मंजुरी मागे घेऊ शकते. त्याच क्षेत्रात, जास्त पगारावर गेलात तर सहसा अडत नाही. जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि नव्या पगाराच्या स्लिपा जोडा. प्रोबेशन चालू असेल तर मात्र बऱ्याच बँका थांबायला सांगतात. पगार सोडून स्वतःचा व्यवसाय धरलात तर साधारण दोन-तीन वर्षांचे हिशेब मागतात.

आता खर्च. समजा पगार १०० आणि बँक त्यातले सगळ्या हप्त्यांसाठी मिळून ४० धरते. मोबाइल-गाडीचे हप्ते १५ असतील, तर घरासाठी उरतात २५. म्हणून छोटी कर्जं आधी फेडून टाका. क्रेडिट कार्डाचं फक्त किमान बिल भरत राहू नका. बँक स्टेटमेंटमधला एखादा बाउन्स झालेला हप्ता, किंवा अचानक जमा झालेली मोठी रोकड, अधिकाऱ्याच्या लगेच नजरेत भरते. रोकडीचा पुरावा जवळ ठेवा.