अर्ली हेल्पमध्ये येताय? सहमतीच्या रकान्यावर विसंबू नका

अर्ली हेल्प म्हणजे अडचणी वाढण्याआधीच कुटुंबांना दिली जाणारी ऐच्छिक मदत. इंग्लंडमध्ये ती देणारा फॅमिली सपोर्ट वर्कर व्हायचं म्हटलं की आपली मंडळी आधी विचारतात, सोशल वर्कची डिग्री लागते का? सहसा नाही. ‘सोशल वर्कर’ हे पद कायद्याने राखीव आहे, त्यासाठी सोशल वर्क इंग्लंडकडे नोंदणी हवी. आपल्या कामाला ती लागत नाही. एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सखोल तपासणी, मात्र चुकत नाही. शाळा, नर्सरी, केअर असं कुठलंही काम केलेली माणसं इथे छान रुळतात. डिग्रीची धास्ती सोडा.

धास्ती बाळगायची ती शाळा कुटुंबाला आपल्याकडे पाठवताना भरते त्या रेफरल फॉर्मवरच्या एका खुणेची: ‘पालकांची सहमती: होय’. या खुणेवर भरवसा ठेवून मी दारं वाजवायचे आणि ती उघडायची नाहीत. कारण साधं आहे. शाळा सुटायची वेळ, रिसेप्शनपाशी गर्दी, धाकटं कडेवर रडतंय. शिक्षिका विचारते, “थोडी मदत मिळवून देऊ का?” आई “हो” म्हणते. शाळेला नाही कोण म्हणणार? पण अनोळखी बाई घरी येणार, मुलांशी बोलणार, जीपी (फॅमिली डॉक्टर) आणि हाउसिंगला फोन जाणार, सगळ्याची नोंद राहणार, यातलं काही तिला सांगितलेलंच नसतं. आपलं पत्र हातात पडतं तेव्हा तिला वाटतं, मुलं काढून न्यायला आले.

म्हणून सहमती स्वतः, नव्याने घ्या. पहिल्या भेटीत, असेसमेंटचा कागद बाहेर काढण्याआधी. हे ऐच्छिक आहे, तुम्ही नाही म्हणू शकता, मध्येच थांबवू शकता, मी कोणाकोणाशी बोलू ते तुम्हीच सांगा. एवढं बोला आणि गप्प बसा. शांतता लांबली तरी भरू नका.

“नाही म्हणालात तर केस सोशल केअरकडे जाईल” (म्हणजे काउन्सिलच्या मुलांच्या संरक्षणाच्या विभागाकडे) हे वाक्य तोंडातून कधीही काढू नका. काही अनुभवी सहकारीसुद्धा हा शॉर्टकट शिकवतात. मला तो धमकीच वाटतो. नुसता नकार म्हणजे धोक्याचा पुरावा नव्हे. मात्र मुलाला गंभीर इजा होत असल्याचा किंवा होण्याचा वाजवी संशय आला, तर चिल्ड्रन ॲक्ट 1989 चं कलम 47 लागू होतं, म्हणजे काउन्सिलला चौकशी करावीच लागते. तिथे सहमतीसाठी खोळंबायचं नाही. शाळेच्या डीएसएलला (मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला) आणि आपल्या मॅनेजरला लगेच कळवायचं. हा फरक पहिल्या आठवड्यात पक्का नाही झाला तरी घाबरू नका, रोज विचारत राहा. विचारलं म्हणून रागावणारा मॅनेजर मिळाला, तर टीम बदलता येते का बघा.

निम्मं काम मुलांच्या शाळेतल्या हजेरीचं असतं. दहा टक्के किंवा जास्त सत्रं (अर्धा दिवस म्हणजे एक सत्र) बुडली की मूल ‘पर्सिस्टंटली ॲब्सेंट’, म्हणजे सतत गैरहजर, ठरतं. आई शपथेवर सांगते, “तो रोज जातो.” शाळेचा आकडा वेगळंच सांगतो. अशा वेळी हजेरीचा प्रिंटआउट मागा आणि कोड बघा. रजिस्टर बंद झाल्यावर आलेल्या मुलाला ‘यू’ कोड लागतो आणि ते सकाळचं अख्खं सत्र विनापरवाना गैरहजेरीत मोजलं जातं. दोघंही खरं बोलत असतात! थोरल्याची शाळा एकीकडे, धाकटीची दुसरीकडे, मध्ये एकच बस. इथे पालकत्वाचा कोर्स काय कामाचा? थोरल्याला शाळेआधीच्या ब्रेकफास्ट क्लबमध्ये जागा मिळाली तर प्रश्न सुटतो. टॅफ (टीम अराउंड द फॅमिली) मीटिंगमध्ये, म्हणजे कुटुंब आणि त्याला मदत करणारे सगळे एकत्र बसतात तिथे, मी आधी हाच हजेरीचा कागद टेबलावर ठेवते.

मराठी-हिंदी येते म्हटल्यावर दुभाषी म्हणून तुम्हालाच पुढे करतील. ओळख वाढवायला भाषा जरूर वापरा, पण औपचारिक मीटिंगला स्वतंत्र दुभाषी मागा. मुलाला तर दुभाषी कधीच करू नका. आईवडिलांच्या कर्जाचं, भांडणाचं भाषांतर लेकराने का करावं?

एप्रिल 2025 पासून सरकारच्या फॅमिलीज फर्स्ट सुधारणांमुळे अर्ली हेल्प आणि ‘चाइल्ड इन नीड’चं (कायद्याने मदतीची गरज ठरलेल्या मुलांचं) काम ‘फॅमिली हेल्प’ या एका छत्राखाली येतंय. टीमची नावं, फॉर्म बदलतील. मुलाखतीला जाण्याआधी त्या काउन्सिलचं थ्रेशोल्ड डॉक्युमेंट (कोणत्या कुटुंबाला कोणत्या पातळीची मदत, हे सांगणारा कागद) वाचून जा, ते त्यांच्या वेबसाइटवर असतं.

आणि भेटीची नोंद त्याच दिवशी लिहा, आई शेजारी बसून वाचतेय असं समजून. स्वतःबद्दलची नोंद मागण्याचा तिला हक्क आहे.