टप काढायच्या आधी

पोर्शे बॉक्सस्टरचं इंजिन सीटच्या मागे, घडी झालेला कापडी टप जिथे जाऊन बसतो त्याच्याच खाली असतं. त्यामुळे ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या वाफांमधून तेल वेगळं करणारा भाग, बदलायचा (सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट येऊ लागले की बहुधा त्याचीच वेळ भरलेली असते) तर वरून हात जायला आधी टप मोकळा करावा लागतो. माझी गाडी 986, म्हणजे 1996 साली आलेली पहिली पिढी. पुढचं सगळं तिच्यावरून लिहितोय.

सगळ्यात आधी दिवस ठरवा, आणि तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलाच ठरवा. मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख 11 जून असली तरी 2025 मध्ये तो 26 मे रोजीच आला होता. माझी गाडी एका मे महिन्यात टप सोडलेल्या अवस्थेत गॅरेजच्या उघड्या अंगणात रात्रभर राहिली आणि नेमका वळवाचा पाऊस झाला. सीटखालचं कंट्रोल युनिट भिजलं, गाडी स्वतःची किल्लीच ओळखेना. टप दुरुस्त होतो हो, पण त्या डब्याचा खर्च फार जिव्हारी लागतो. म्हणून डोक्यावर स्लॅब असलेली जागा हवी, आणि वर ताडपत्रीही हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर सेक्रेटरींना आधी सांगा आणि वॉचमनकाकांना मांजरांवर लक्ष ठेवायला सांगा. मऊ कापड दिसलं की त्या तिथेच बैठक मारतात.

मग मागची खिडकी. 2002 पर्यंतच्या गाड्यांना ती प्लास्टिकची आहे, काच 2003 पासून आली. आपल्या उन्हात हे प्लास्टिक पिवळं आणि कडक होतं, आणि घडीवर दाबलं की तडकतं. दोन मऊ, स्वच्छ पंचे हाताशी ठेवा. टप वर घेताना एक घडीच्या आत, दुसरा वरून. वर धरलेला टप बांधायला जाड सुती दोरी घ्या. सुतळी कापडाला काचते.

टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचे) बिट, पाने वगैरे मुंबईत नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात मिळतात. टपाच्या दांड्यांच्या टोकाचे प्लास्टिकचे बॉल कप मात्र आधी मागवून ठेवा, कारण जुने कप काढताना हमखास तुटतात. एका बाजूचा कप तुटलेला असताना बटण दाबलंत तर मोटर दुसरी बाजू ओढत राहते आणि सांगाडा पिळवटतो.

हँडब्रेक ओढा, नाहीतर टप हलणारच नाही. तो अर्धा उघडून मागचं झाकण उभं राहिलं की टपाचा फ्यूज काढून खिशात टाका. सांगाड्याच्या कात्रीत बोटं असताना कुणी चुकून बटण दाबायला नको. बॅटरी सोडणार असाल तर आधी काचा थोड्या खाली घ्या. पुढची डिकी विजेवर उघडणारी असेल तर ती बंद करू नका, बॅटरी तिच्यातच आहे. इंजिन पूर्ण गार होऊ द्या.

प्रत्येक स्क्रू सोडण्याआधी फोटो काढा. डाव्या-उजव्या बाजूंची पाकिटं वेगळी ठेवा.

शेवटी एक बाटली पाणी आणि थोडी लवचिक नायलॉनची दोरी. टप वर असतानाच झाकणाखालची पाणी जायची भोकं दिसतात, त्यांत पानं आणि चिखल साठतो. दोरीने हलक्या हाताने मोकळी करा, सळई घालू नका. मग पाणी ओता. मागच्या चाकांच्या पुढे, दोन्ही बाजूंना जमिनीवर ते गळायला हवं.