लाटांतून मासेमारीची कयाक नेताना आणि परत आणताना
उजनी जलाशयात कयाक (वल्ह्याने चालवायची लहान, अरुंद होडी) वल्हवणाऱ्या सोलापूरकरांनी कोकणच्या किनाऱ्यावर आधी दहा-पंधरा मिनिटे केवळ लाटा पाहाव्यात, कारण मोठ्या लाटा गटागटाने येतात आणि दोन गटांमधल्या शांत वेळेतच निघायचे असते. लाइफ जॅकेट घालून, गळाच्या काठ्या आत घट्ट बांधून, कयाकचे टोक लाटेला काटकोनात ठेवावे आणि लाटा फुटतात तो पट्टा ओलांडेपर्यंत वल्हवणे थांबवू नये. परतताना लाटेच्या पुढे न धावता तिच्या पाठीमागून यावे. आडवी झालेली कयाक सहज उलटते. उतरल्यावर कयाक आणि किनारा यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये, कारण पुढची लाट तीच जड कयाक जोराने पायांवर आदळवते. ही चूक मला सर्वांत धोकादायक वाटते.