जुन्या धाटणीची मोटरवाली सायकल : वेल्डिंगला हात लावण्याआधीची तयारी

१९१०च्या आसपासच्या मोटरसायकलींचे फोटो पाहिले की तशी सायकल बांधायची हौस लागते, आणि ती लागते टाकीमुळे. नळ्यांच्या मधे अडकवलेली लांबट चपटी टाकी, मागे वळलेलं हँडल, स्प्रिंगांचं चामडी सीट. म्हणून बहुतेक जण सगळ्यात आधी पत्रा आणतात आणि टाकी करून घेतात. माझं सांगणं उलटं आहे. आधी ब्रेक ठरवा, मग बॅटरी, आणि या दोघांनी जेवढी जागा सोडली असेल तेवढ्यात रूप बसवा. ज्या गाड्यांच्या प्रेमात आपण पडतो त्याही अशाच घडल्या. पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी १९०१मध्ये पुढच्या चाकावरचं इंजिन काढून खाली पायडलच्या धुऱ्यापाशी आणलं, ते शोभेसाठी नव्हे. वरच्या वजनाने गाडी घसरून आडवी होत होती म्हणून.

पहिली तयारी कागदाची. बाजारात ४९ सीसीचं किंवा ‘८० सीसी’ म्हणून विकलं जाणारं टू-स्ट्रोक किट मिळतं आणि त्याचा आवाज मोह पाडतो. पण मोटार वाहन कायदा, १९८८च्या व्याख्येत चारपेक्षा कमी चाकांचं वाहन मोटार वाहनातून सुटतं ते फक्त २५ सीसीपर्यंत. त्याच्या वर गेलात की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं, आणि घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी होणं जवळजवळ अशक्य. ‘पायडल आहे म्हटल्यावर सायकलच की ओ’ हे वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येतं. १९७२ साली आलेल्या लूनालाही पायडल होतं, पण इंजिन ५० सीसीचं होतं. पायडलने सूट मिळत नाही. म्हणून मी विजेच्या मोटरचा रस्ता सुचवतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर, ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग, बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन, नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असेल तर अशी गाडी मोटार वाहन धरली जात नाही. त्यात चाचणी संस्थेच्या पडताळणीचीही अट आहे. पुण्याची एआरएआय ही तशा संस्थांपैकी एक. तेव्हा मोटर आणि तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर यांचा संच घेताना विक्रेत्याकडून प्रमाणपत्राची प्रत मागा आणि ती घेऊन एकदा आरटीओत विचारून या. हे पत्रा कापण्याआधी करायचं काम आहे. ताकद कमी पडेल ही भीतीही नको. आपलं सोलापूर पठारावर वसलेलं आहे, घाट कुठेच नाही. सात रस्त्यापासून विजापूर रोडने संभाजी तलावापर्यंत जायला २५० वॉट आणि आपले पाय पुरतात.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. यासाठी जुनी काळी २२ किंवा २४ इंची (हे माप सांगाड्याचं, चाकाचं नव्हे) सायकल सर्वांत चांगली, दूधवाले आणि गिरणी कामगार वापरत ती. तिची वरची नळी आडवी सरळ असते, त्यामुळे चपटी टाकी तिच्याखाली हुबेहूब शोभते. आजच्या तिरक्या नळीच्या सायकलीला ते रूप येत नाही. भंगारवाल्याकडे सायकल पाहताना रंगावर जाऊ नका. पायडलच्या धुऱ्याची नळी खालून स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा, पाणी साचून गंज तिथेच धरतो. मग दोरीची परीक्षा: मागच्या चाकाचा धुरा ज्यांत बसतो त्यांपैकी एका फाट्याला दोरी बांधायची, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या फाट्यापर्यंत ताणायची, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. दोन्ही अंतरं सारखी नसतील तर सांगाडा वाकलेला आहे. तो सोडून द्या, दुसरा मिळेल.

इथेच एक गोष्ट ठासून सांगतो, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. या सायकलींचे सांधे पितळेने जोडलेले असतात. त्यांच्यावर कुणी आर्क वेल्डिंग केलं तर पितळ वितळून पोलादाच्या जोडात शिरतं आणि तो जोड पुढे कधीतरी तडकतो. वेल्डिंगवाल्याला आधीच सांगून ठेवा: सांध्याजवळ काम असेल तर गॅसवर पितळीच करायचं, नाहीतर काहीच जोडायचं नाही. टाकी, कंट्रोलरचा डबा, दिवा हे सगळं क्लॅम्पने बसतं. क्लॅम्पखाली चामड्याची पट्टी घातली की नळी घासत नाही, आणि दिसायलाही ते जुन्या गाडीला साजेसंच दिसतं.

आता ब्रेक. काळ्या सायकलीचे दांड्याचे ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला गुटके दाबतात. ताशी १२-१३ किलोमीटरला ते पुरतात. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि पावसात क्रोमच्या रिमवर त्या गुटक्यांची पकड फार कमी राहते. मन घट्ट करून ते काढा. पुढे डिस्क ब्रेक, मागे डिस्क किंवा बँड ब्रेक, दोन्ही स्वतंत्र, आणि दोन्ही लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा स्विच. पुढच्या डिस्कसाठी चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, बदलावा लागतो, म्हणून हँडलच्या नळीचा आतला व्यास आणि जुन्या चिमट्याच्या दांड्याची लांबी व्हर्निअरने मोजून घेतल्याशिवाय नवा चिमटा विकत घेऊ नका. जुन्या गाड्यांना शोभणारा पट्टी-स्प्रिंगांचा चिमटा घरी बनवायचा मोह होईल. तो करू नका. पुढचा चिमटा तुटला तर सावरायला क्षणही मिळत नाही.

ब्रेक बदलले की चाकं आपोआप बदलतात, आणि मोटरमुळेही ती बदलावीच लागतात. काळ्या सायकलीच्या रिमला पुढे ३२ आणि मागे ४० भोकं असतात, तर हब मोटरला, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटरला, साधारण ३६. जुनं रिम त्यामुळे बसतच नाही. २६ इंची, ३६ भोकांचं दुहेरी भिंतीचं रिम घ्या आणि त्यावर २.१२५ इंच रुंदीचा टायर. जुन्या गाड्यांचा गुबगुबीत थाट त्यानेच येतो. सायकल सुमारे दोन सेंटीमीटर खाली बसेल, म्हणजे वळताना पायडल जमिनीला लागत नाही ना हे चाकं घालून आधी तपासायचं. चाकाच्या तारा जाड, १२ किंवा १३ गेजच्या, आणि नेहमीपेक्षा आखूड लागतात. रिम आणि मोटर दोन्ही हातात आल्यावरच त्यांची लांबी मोजा. चाक भरायला आणि आऊट (चाकाचं डुलणं) काढायला जुना सायकलवाला शोधा. हे काम पुस्तकातून येत नाही आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

मोटर मागच्या चाकात घ्या. पुढची मोटर बसवायला सोपी, पण धुरा सुटला तर पुढचं चाकच निखळतं. मागच्या हब मोटरला १३५ मिलिमीटरची जागा लागते आणि काळ्या सायकलीचे मागचे फाटे त्याहून बरेच जवळ असतात. पोलादी सांगाडा थंडच, हळूहळू, दोन्ही बाजूंना सारखा फाकवता येतो. मग पुन्हा दोरीची परीक्षा. त्यानंतर टॉर्क आर्म. मोटर चाक फिरवते तेव्हा धुरा उलटा फिरू पाहतो आणि फाट्यांचं तोंड उघडतं. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीत १० मिलिमीटरची घट्ट खाच पाडून ती पट्टी धुऱ्याच्या चपट्या भागावर बसवायची आणि दुसरं टोक सांगाड्याला क्लॅम्प करायचं. अशा कामाला आपलं गाव चांगलं. यंत्रमागांचे सुटे भाग करून देणारे लेथवाले अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे भेटतात आणि मागाच्या धक्क्यात काय टिकतं ते त्यांना ठाऊक असतं. ‘मालक, दहाची खाच पाहिजे ती सैल का टाइट?’ असं विचारणारा भेटला की समजावं, योग्य दुकानात आलो. उत्तर द्या: टाइट.

पायडलकडेही एकदा पाहून घ्या. खिळीने (कॉटर पिनने) अडकवलेला क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, असेल तर त्याच्या गोल धुऱ्यावर पायडल ओळखणाऱ्या सेन्सरची चकती बसते का, हे संच मागवण्याआधी विचारा.

आता बॅटरी, म्हणजेच टाकी. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या सायकलीच्या बंद पत्र्याच्या डब्यात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापमान होतं. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. म्हणून आपल्याकडे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घ्या. ते जरा जड आणि मोठे, पण उष्णता अधिक सोसतात. ३२७०० मापाचे, ३.२ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तासाचे २४ सेल, बारा-बाराच्या दोन समांतर रांगांनी जोडले की ३८.४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास होतात, म्हणजे ४६० वॉट-तास. वजन साडेतीन किलोच्या आसपास. सेल उभे ठेवले तर हा गठ्ठा साधारण ४१ सेंटीमीटर लांब, ७ रुंद आणि ७ उंच होतो, आणि त्या चपट्या टाकीचं माप जवळपास हेच. आतून ४५ सेंटीमीटर लांब, साडेआठ रुंद, साडेनऊ उंच अशी टाकी धरली तर सेल सांभाळणारं सर्किट (बीएमएस), वायरी आणि हवेची फट सगळं मावतं. आधी पुठ्ठ्याची करा, सांगाड्यात बांधा, सीटवर बसून पायडल मारा. गुडघे घासत नसतील तरच पत्रा कापायचा. तळाला भोकं आणि आतून कॉर्कचा थर ठेवा.

रंगही इथेच ठरतो. काळी टाकी उन्हात सर्वांत जास्त तापते. हार्ले-डेव्हिडसनने १९०६पासून आपल्या गाड्या करड्या रंगवल्या आणि ‘सायलेंट ग्रे फेलो’ या नावातला ‘ग्रे’ त्यावरूनच आला. तेव्हा फिकट करडा किंवा साईचा रंग दिलात तर जुनेपणा कुठेच उणावत नाही आणि सेलही वाचतात. सोनेरी रेघा स्टिकरच्या नकोत. दुकानांचे बोर्ड हाताने रंगवणारे पेंटर अजून आहेत, त्यांच्याकडून ओढून घ्या. टाकीवर परदेशी कंपनीचं नाव घालू नका. ‘सोलापूर’ एवढंच देवनागरीत फार देखणं दिसतं.

वायरिंगचं थोडक्यात. बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज, मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटरची, टाकीत शिरते तिथे ती घासू नये म्हणून रबरी कडी (ग्रोमेट). चार्जर ४३.८ व्होल्टचाच. दिव्यासाठी १२ व्होल्ट हवे असतील तर कन्व्हर्टर लावा. चार सेलमधून वेगळी तार काढली तर तेवढेच सेल दमतात आणि सगळी बॅटरी बिघडते. निकेल पट्टीचं स्पॉट वेल्डिंग मात्र सवयीच्या माणसाकडूनच करून घ्या.

हँडल ⅞ इंची, म्हणजे २२.२ मिलिमीटर नळीचंच वाकवून घ्या, कारण लिव्हर आणि थ्रॉटल त्याच मापाचे येतात. वाकवताना आत वाळू ठासली की नळी चेपत नाही. हत्यारांची गुंडाळी मात्र विकत आणू नका, घरच्या जुन्या सोलापुरी चादरीतून शिवा. तो विणीचा पोत कुठल्याही चामडी पिशवीपेक्षा या सायकलीला शोभतो.

काळ निवडायचा तर दिवाळीनंतरचा. हवा कोरडी, रंग चांगला बसतो, आणि संक्रांतीच्या गड्डा यात्रेपर्यंत सायकल रस्त्यावर येऊ शकते. पण रंगाआधी ती कच्चीच चालवा. पहाटे रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी २५ला आणून दोन्ही ब्रेक दाबा. कोरड्या डांबरावर सहा-सात मीटरच्या आत थांबली पाहिजे. थांबत नसेल तर पेंटरकडे नेऊ नका. एका चार्जमध्ये मोटरच्या भरवशावर तीसेक किलोमीटर धरा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यापर्यंत जाऊन यायचं तर चाळीसच्या वर होतात, तेव्हा जातानाच पायडल मारत चला आणि परतीसाठी निम्म्याहून जास्त बॅटरी राखा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर तारा पुन्हा ताणून घ्या, टॉर्क आर्मचे नट आवळा, आणि क्लॅम्पखालची चामडी पट्टी सरकली आहे का ते पाहा. उन्हातून आल्या आल्या चार्जर लावू नका. टाकीला हात लावून ती गार लागली की मगच लावा.