टोमॅटो पोखरणारी अळी: आमच्या गच्चीवर लागू पडलेला उपाय
इंदूरला आमच्या गच्चीवरील टोमॅटोंना देठाजवळ गोल भोके पडत. अळीचे अर्धे अंग फळात, अर्धे बाहेर असे. राख आणि कडुलिंबाचे तेल निष्फळ ठरल्यावर जीव मेटाकुटीला आला होता. प्रथम पोखरलेली सर्व फळे तोडून अळ्यांसह साबणाच्या पाण्यात बुडवली. मग शेंड्याकडच्या पानांवरील, खसखशीहून बारीक, पिवळसर पांढरी अंडी बोटाने पुसली. त्यानंतर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची भुकटी पाकिटावरील प्रमाणात पाण्यात कालवून, ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंना फवारली, कारण उन्हाने तिचा प्रभाव ओसरतो आणि खाण्यातून अळीच्या पोटात गेल्याशिवाय ती काम करत नाही. लहान अळ्यांवरच ती नीट चालते, म्हणून 7 दिवसांनी पुन्हा फवारणी केली. नंतर धरलेली फळे अखंड निघाली.