गोव्याच्या उन्हाळ्यात जुनी स्पोर्ट्स कार तापू नये म्हणून काय करावं

काहीही विकत आणण्याआधी एक बघा: गाडी नेमकी कुठे तापते? पर्वरीच्या कोंडीत तापमानाचा काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरतो, तर दोष हवेच्या बाजूचा. पंखा, बेल्ट किंवा रेडिएटरची जाळी. मोकळ्या रस्त्यावर किंवा अनमोड घाट चढताना तापत असेल, तर पाणी नीट फिरत नाही, रेडिएटर आतून तुंबलाय किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, चुकलंय.

माझी गाडी एमजीबी, म्हणजे ब्रिटनच्या एमजीची स्पोर्ट्स कार, १९६५ ची, १७९८ सीसीची. ‘विलायती गाडी, तिला इथलं ऊन कुठलं सोसायला’ हे मी कित्येकदा ऐकलंय आणि ते मला मुळीच पटत नाही. ऑस्ट्रेलियात या गाडीची जोडणी व्हायची, आणि तिथलं ऊन काही सौम्य नाही. गाडी तापते ती साठ वर्षांच्या गाळामुळे. म्हणून आधी सफाई, मग तपासणी, आणि नवीन सामान सगळ्यात शेवटी.

सुरुवात जाळीपासून करा. इंजिन थंड असताना नळाची नळी इंजिनाच्या बाजूने धरा आणि पाणी पुढच्या बाजूला निघू द्या. खाणपट्ट्यातून, कुडचडे-सावर्ड्याकडून जाणं-येणं असेल तर बादलीभर तांबडं पाणी निघेल. प्रेशर वॉशर मात्र लावू नका, पत्र्याची पातळ पानं दुमडतात आणि हवा कायमची अडते.

आता खरं काम, ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा आतून धुण्याचं. बहुतेक जण रेडिएटर रिकामा करतात आणि पाणी बदललं म्हणतात. इंजिनातलं पाणी तसंच राहतं. ब्लॉकच्या मागच्या अंगाला पाणी काढायची तोटी किंवा बोल्ट असतो. माझ्या गाडीची तोटी उघडली तर थेंबही आला नाही. फोंड्याचे आमचे मेस्त्री म्हणाले, “तार घालून बघा.” पातळ तार आत घालून फिरवली, तेव्हा आधी चिखलाचा एक गोळा सुटला आणि मग काढ्यासारखं तपकिरी पाणी. आधीच्या एका गॅरेजात वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतलं होतं, त्याचा गंज आणि क्षार मागच्या सिलिंडरभोवती थर धरून बसले होते. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून वरून नळी लावा आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. मला दोन तास लागले. रेडिएटर वेगळा काढून उलटा, म्हणजे खालून वर धुवा. पुन्हा जोडल्यावर इंजिन तापवा, बंद करा, पंखा थांबला की जाळीवरून जपून हात फिरवा. मधेच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत, आणि कोअर, म्हणजे रेडिएटरचा मधला जाळीचा भाग, बदलण्याला पर्याय नाही.

भरताना एक भाग कुलंट, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. गोव्यात पाणी गोठायची भीती नाही आणि उष्णता वाहून नेण्यात पाणी कुलंटपेक्षा सरस असतं. कुलंट हवं ते गंज रोखायला. तांबं-पितळेच्या जुन्या रेडिएटरला चालेल असंच घ्या. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा, गाडीचं नाक चढावर ठेवा आणि इंजिन चालू करून अडकलेली हवा निघू द्या. काढलेलं जुनं कुलंट अंगणात ठेवू नका. ते चवीला गोड आणि जहरी असतं. कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

रेडिएटरचं झाकण स्वस्त असतं, म्हणून कुणी त्याकडे बघत नाही. दहा पौंड दाबाचं झाकण शाबूत असेल तर साधं पाणीही ११५ अंशांच्या आसपास उकळतं; रबर फाटलं की शंभरालाच. पण मूळच्या दाबापेक्षा जास्तीचं बसवू नका, जुनी डाखं सुटतात. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा, बुडाला टेकू देऊ नका, थर्मामीटर ठेवून तापवा. ८२ अंशांचा असेल तर त्या सुमारास उघडायला हवा. आपल्याकडे ७४ चा लावला तरी चालतो. तो काढून टाकायचा सल्ला मात्र ऐकू नका: तुंबलेला रेडिएटर त्याने मोकळा होत नाही आणि पावसाळ्यात इंजिन थंड राहून तेलात ओल धरते.

बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच वाकावा. रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) मऊ पडला असेल तर बदला. टायमिंग मागे असेल तर इंजिन नाहक तापतं, तेही एकदा टायमिंग लाइट लावून तपासून घ्या.

एवढं करूनही कोंडीत काटा चढला, तरच इलेक्ट्रिक पंखा. इथे एक धोका आहे. आताच्या गाड्यांच्या उलट, १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. वायरच्या रंगावर विसंबून जोडणी केली की पंखा उलटा फिरतो आणि वाऱ्याला अडवतो. रेडिएटरच्या पुढून वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. शिवाय त्या काळच्या डायनामोतून मंद चालीवर फारशी वीज मिळत नाही, म्हणून सगळा वेळ चालणारा पंखा कोंडीतच बॅटरी संपवतो. तापमान बघून सुरू होणारा स्विच लावाच.

रस्त्यात काटा लालकडे जायला लागला तर हुड, म्हणजे कापडी छप्पर, उघडा आणि हीटर पूर्ण सोडा. घाम फुटेल, पण हीटर म्हणजे दुसरा रेडिएटरच आहे. बेल्टवर फिरणारा पंखा असेल तर गिअर काढून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या. वाफ दिसली तर मात्र इंजिन लगेच बंद, बोनेट वर, आणि निदान अर्धा तास झाकणाला हात नाही. नंतर जाड फडक्याने अर्धा वळसा फिरवा, दाब सुटू द्या, मग उघडा. गार पाणी एकदम ओतू नका, इंजिनाच्या हेडला तडा जाईल. इंजिन हाताला कोमट लागलं की थोडं थोडं भरा.